लॅन केबलमधून माईकचा आवाज: चार जोड्यांचं काम, पायरीपायरीने

चोवीस चॅनलची मल्टिकोर केबल खांद्यावर घेऊन जिने चढलेल्या माणसाला सांगून बघा, की करंगळीहून बारीक लॅन केबल चार माईक शंभर मीटरवर नेते आणि आवाजात फरक कळत नाही. तो विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नव्हता. आज स्टेजपासून मिक्सरपर्यंतची माझी बरीच कामं याच केबलवर होतात. ती नीट व्हायची असतील तर एक गोष्ट मात्र जपावी लागते, ती म्हणजे जोडी. एकमेकींना पीळ घालून आलेल्या दोन तारा शेवटच्या टोकापर्यंत जोडीनेच गेल्या पाहिजेत. पुढे ज्या सूचना येतील त्यातल्या बहुतेक याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

पीळ कशासाठी

ही युक्ती संगणकांच्या कितीतरी आधीची. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनच्या लाइनसाठी तिचं पेटंट घेतलं. शेजारून विजेची तार जात असेल तर तिचं चुंबकीय क्षेत्र आपल्या दोन्ही तारांत घुसतं. पण पिळामुळे कधी ही तार जवळ येते, कधी ती, आणि बेरीज केली तर दोघींवरचा उपद्रव जवळजवळ सारखा निघतो. आता बॅलन्स्ड इनपुट काय करतं ते बघा. ते हॉट आणि कोल्ड या दोन तारांमधला फरक तेवढा मोजतं. आपला सिग्नल त्या फरकातच असतो. उपद्रव दोन्हीकडे सारखा असल्यामुळे वजाबाकीत निघून जातो. म्हणजे गुणगुण घालवण्याचं मुख्य काम पीळ आणि बॅलन्स्ड इनपुट मिळून करतात. शिल्डचा, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणाचा, मान त्यानंतरचा आहे, आणि ५० हर्ट्झच्या चुंबकीय गुणगुणीपुढे बारीक फॉइलच्या शिल्डचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

कॅट-५ई या नेहमीच्या लॅन केबलमध्ये अशा चार जोड्या असतात आणि प्रत्येकीचा पीळ वेगळ्या लांबीचा असतो, म्हणजे शेजारणी एकमेकींचं बोलणं उचलत नाहीत. शंभर मेगाहर्ट्झच्या डेटासाठी घेतलेली ही काळजी वीस किलोहर्ट्झच्या आवाजाला पुरून उरते.

आकडे मांडले की शंका फिटते. चांगल्या कॅट-५ई जोडीची धारिता (कपॅसिटन्स) मीटरला साधारण ५० पिकोफॅरड असते. माईकच्या अनेक केबल याच्या दुप्पट भरतात. शंभर मीटरला झाले ५ नॅनोफॅरड. माईकचा आउटपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) १५० ओहम धरला, तर वरच्या फ्रिक्वेन्सी तीन डेसिबलने उतरायला दोनशे किलोहर्ट्झच्या पुढे जावं लागतं. कानाची हद्द त्याच्या दहाव्या हिश्श्यात संपते. तारांचा रेझिस्टन्स जाऊन-येऊन १९ ओहमच्या आत असतो, आणि समोर १० किलोओहमचं लाइन इनपुट असेल तर लेव्हल एका डेसिबलच्या पन्नासाव्या भागाइतकीही पडत नाही.

हेच गणित इलेक्ट्रिक गिटारवर लावून बघा. पिकअपचा इम्पीडन्स दहा किलोओहम धरला, तर त्याच शंभर मीटरवर तीन किलोहर्ट्झच्या आसपासच आवाज बोथट होऊ लागतो. शिवाय ते अनबॅलन्स्ड, म्हणजे सिग्नल एकाच तारेवर, त्यामुळे वजाबाकीचा फायदाही नाही. म्हणून गिटार, कीबोर्ड, लॅपटॉपचा हेडफोन जॅक हे सगळं आधी डीआय बॉक्समधून बॅलन्स्ड करायचं आणि मगच या केबलवर चढवायचं.

आधी रस्ता ठरवा

लॅन केबलमधून आवाज नेण्याचे तीन रस्ते आहेत आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिल्यात जोडीवरून थेट अॅनालॉग सिग्नल जातो आणि एका केबलमध्ये चार चॅनल मावतात. दुसऱ्यात एईएस३ हा डिजिटल सिग्नल जातो. त्याच्या प्रत्येक जोडीत दोन चॅनल असतात, म्हणजे केबलला आठ. तिसऱ्यात आवाज नेटवर्कच्या पॅकेटमधून किंवा तशाच डिजिटल दुव्यावरून जातो आणि एका केबलमध्ये डझनावारी चॅनल बसतात.

तिन्हींचं टोक दिसायला सारखंच, आरजे४५, म्हणजे लॅनचा आठ पिनांचा प्लग. धोका इथेच आहे. अॅनालॉग बॉक्सची केबल चुकून नेटवर्क स्विचमध्ये गेली, तर फँटमचे, म्हणजे मिक्सर केबलमधूनच माईकला देतो त्या विजेचे, ४८ व्होल्ट स्विचच्या पोर्टवर जातात. उलट बाजूने, केबलमधून वीज देणारा पीओई स्विच माईकच्या जोड्यांवर पन्नास व्होल्टच्या घरातला दाब टाकू शकतो. मानकाप्रमाणे बनलेला पीओई स्विच समोर २५ किलोओहमची खूण सापडल्याशिवाय वीज सोडत नाही. पण पॅसिव्ह इंजेक्टर असलं काही विचारत नाही, थेट वीज देतो. म्हणून अॅनालॉगच्या केबलला वेगळा रंग द्या आणि दोन्ही टोकांना पट्टी लावून तिच्यावर ‘अॅनालॉग ऑडिओ’ असं लिहा. इमारतीच्या भिंतीतली तयार लॅन लाइन वापरायची असेल, तर तिचं दुसरं टोक स्विचमधून काढलेलं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या. कुणी तोंडी सांगितलं म्हणून विसंबू नका.

केबल निवडताना

अॅनालॉगसाठी कॅट-५ई पुरते. कॅट-६ चालते, पण आवाजाच्या दृष्टीने तिचा वेगळा फायदा नाही. कळीचा प्रश्न शिल्डचा आहे. फँटम द्यायचं असेल तर शिल्ड असलेली केबल घ्या. सगळ्या जोड्यांवर मिळून एक फॉइल असलेली एफ/यूटीपी, किंवा फॉइल आणि जाळी दोन्ही असलेली एसएफ/यूटीपी. नुसती लाइन लेव्हल (माईकपेक्षा बराच जोरदार सिग्नल) न्यायची असेल आणि दोन्ही टोकांची उपकरणं खरोखर बॅलन्स्ड असतील, तर शिल्ड नसलेली यूटीपीही उत्तम काम करते.

भिंतीत कायमची बसवायची केबल एकसंध तारेची हवी. दर कार्यक्रमाला गुंडाळायची केबल मात्र अनेक बारीक तारांची हवी, कारण एकसंध तार वारंवार वाकवली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही.

सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार, अजिबात घेऊ नका. ती ठिसूळ असते, तिचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि कॅट-५ईच्या मानकात ती बसतच नाही. ओळखणं सोपं आहे. तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी चकाकी दिसली की अॅल्युमिनियम. पूर्ण गुंडाळी हातात असेल तर एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा शॉर्ट करा आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावा. शंभर मीटरच्या अस्सल तांब्याच्या जोडीचं माप १९ ओहमच्या आत येतं. पंचविशीच्या पुढे गेलं तर ती केबल परत करा.

जोडणी

आता कामाला लागू. दोन छोटे धातूचे बॉक्स घ्या, प्रत्येकात चार एक्सएलआर (माईकच्या केबलचं तीन पिनांचं टोक) आणि एक शिल्ड असलेलं आरजे४५ सॉकेट. स्टेजच्या बॉक्सवर फीमेल एक्सएलआर, मिक्सरकडच्या बॉक्सवर मेल.

एक्सएलआरमध्ये पिन १ शिल्ड, पिन २ हॉट, पिन ३ कोल्ड. आरजे४५मध्ये जोड्या अशा येतात:

पहिला चॅनल: पिन १ आणि २
दुसरा चॅनल: पिन ३ आणि ६
तिसरा चॅनल: पिन ४ आणि ५
चौथा चॅनल: पिन ७ आणि ८

दुसरी ओळ पुन्हा वाचा. तीनची जोडीदार सहा आहे, चार नाही. नवख्या माणसाचा हात आपसूक १-२, ३-४, ५-६, ७-८ असा जातो. मी स्वतः पहिला बॉक्स असाच बांधला होता. दोन्ही टोकांना तीच चूक, त्यामुळे टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले आणि मी निर्धास्त झालो. कार्यक्रमात पहिला आणि चौथा चॅनल स्वच्छ वाजले. दुसऱ्यात मात्र तिसऱ्याचा आवाज, तिसऱ्यात दुसऱ्याचा, आणि दोन्हींत गुणगुण. कारण उघड आहे. दुसऱ्या चॅनलची एक तार हिरव्या जोडीतली होती आणि दुसरी निळ्या जोडीतली. दोघी आपापल्या भलत्याच जोडीदारणीला पीळ घालून निघाल्या होत्या. अशी मोडलेली जोडी दिव्यांच्या साध्या टेस्टरला दिसत नाही, कारण तो तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली का एवढंच बघतो.

प्लगमधल्या रंगांचा क्रम टी५६८बी या मानकाप्रमाणे ठेवा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टी५६८ए वापरलं तरी हरकत नाही, पण दोन्ही टोकांना एकच हवं. एकीकडे ए आणि दुसरीकडे बी झालं तर पहिला आणि दुसरा चॅनल अदलाबदल होतात. मिक्सरवर हा घोळ दिसला की आधी प्लगमधले रंग तपासा.

निळ्या जोडीत आणखी एक खोच आहे. बाकीच्या तीन जोड्यांत पांढऱ्या पट्ट्याची तार आधी येते. निळ्यात उलटं, पिन ४ला निळी आणि पिन ५ला पांढरी-निळी. एकाने ‘पांढरी म्हणजे हॉट’ असा नियम धरला आणि दुसऱ्याने ‘लहान क्रमांक म्हणजे हॉट’ असा, तर तिसऱ्या चॅनलची पोलॅरिटी उलटते, म्हणजे हॉट आणि कोल्ड अदलाबदल होतात. एकच माईक ऐकताना ते कळणार नाही. पण एकाच ड्रमवर दोन माईक असतील आणि त्यातला एक या चॅनलवर असेल, तर खर्ज गायब होतो आणि माणूस इक्वलायझर फिरवत बसतो. दोन्ही बॉक्स एकाच वेळी, एकाच कागदावर बघून बांधा.

तारा जोडताना पीळ जेमतेम तेवढाच उलगडा. तेरा मिलीमीटरपेक्षा जास्त लांबी मोकळी नको. बॉक्सच्या आतही सॉकेटपासून एक्सएलआरपर्यंत जोडी पिळलेलीच न्या. आत शिस्तीत सरळ रांगेत बसवलेल्या तारा डोळ्यांना छान वाटतात, पण तिथे पीळच अधिक महत्त्वाचा.

तयार बॉक्सही मिळतात आणि त्यांचं काम चांगलं असतं. पण दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे बॉक्स एकमेकांना जोडण्याआधी दोन्हींची पिनची मांडणी ताडून बघा. आरजे४५ आणि चार जोड्यांच्या केबलवरून ऑडिओ नेण्यासाठी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने २०१९ साली एईएस७२ हे मानक काढलं, आणि त्यातही वापराप्रमाणे मांडण्या वेगवेगळ्या आहेत. रेडिओ स्टुडिओंत रुळलेल्या काही मांडण्यांत दोनच जोड्या आवाजासाठी आणि उरलेल्या ग्राउंड व वीजपुरवठ्यासाठी असतात. तसला बॉक्स आपल्या चार चॅनलच्या बॉक्सला लावणं धोक्याचं.

फँटम आणि ग्राउंड

फँटमचे ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ दोन्हींवरून सारखेच जातात आणि पिन १वरून परततात. म्हणजे शिल्डची वाट कुठेही तुटली की फँटमवर चालणारा कंडेन्सर माईक गप्प. त्यासाठी प्लग धातूच्या आवरणाचा हवा, केबलच्या फॉइलबरोबर येणारी उघडी तार त्या आवरणाला नीट टेकलेली हवी आणि मधे जोडणारा कपलर असेल तर तोही शिल्डचा हवा. प्लॅस्टिकचा एक स्वस्त कपलर सगळ्या चार माईकांचं फँटम बंद पाडतो. वीज मात्र अगदी थोडी लागते. ४८ व्होल्टच्या मानकात एका माईकला जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर, त्यामुळे केबलच्या बारीक तारांची चिंता नको.

हाताशी यूटीपीच आहे आणि फँटम तर हवंच, अशी वेळ आली तर चौथा चॅनल सोडून द्या. ७ आणि ८ या दोन्ही तारा एकत्र करून दोन्ही बॉक्सांत सगळ्या पिन १ना जोडा. तीन चॅनल मिळतात, फँटमसकट.

शिल्ड एकच असल्यामुळे चारही चॅनलचे पिन १ बॉक्समध्ये एकमेकांना जोडलेले असतात. माईकना त्याचं काही वाटत नाही, ते कुठेच अर्थिंगला जोडलेले नसतात. पण वेगवेगळ्या सॉकेटवरून वीज घेणारी दोन लाइन उपकरणं लावली तर ग्राउंड लूप तयार होऊन गुणगुण येऊ शकते. तिथे त्या चॅनलवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला, किंवा एका टोकाचा बॉक्स ट्रान्सफॉर्मरवाला वापरा. ट्रान्सफॉर्मरमधून फँटम पलीकडे जात नाही हे ध्यानात असू द्या. आणि गुणगुण घालवायला उपकरणाच्या वीजप्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आरजे४५ घालताना किंवा काढताना आठही संपर्क एकाच क्षणी लागत नाहीत, त्यामुळे फँटम चालू असेल तर स्पीकरमधून जोराचा फटका येतो. आधी चॅनल म्यूट करा, फँटम बंद करा, थोडं थांबा, मग केबलला हात लावा.

एका केबलमध्ये काय एकत्र नको

माईकची लेव्हल काही मिलिव्होल्टची, लाइनची एक व्होल्टच्या वर. एकाच केबलमध्ये तीन जोड्यांवर माईक आणि चौथीवर मॉनिटरचा जोरदार परतीचा सिग्नल असं बरेच जण करतात, आणि चांगल्या केबलवर ते निभावतंही. तरी मला ते पटत नाही. माईकला पुढे पन्नास-साठ डेसिबलचा गेन, म्हणजे वाढ, द्यायचा असतो, आणि तेवढ्या गेनमध्ये जी काही थोडी गळती असेल तीही वर येते. दुसरी केबल टाका, ती काही जड नाही. अॅम्प्लिफायरचा स्पीकर आउटपुट या तारांवर कधीच नको, त्या तेवढ्या करंटसाठी नाहीत.

विजेच्या केबलना समांतर जाऊ नका. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

तपासणी

दिव्यांचा टेस्टर लावाच, पण तो पहिली चाळणी आहे. त्यानंतर मल्टिमीटर घेऊन स्टेजच्या प्रत्येक एक्सएलआरवर फँटम मोजा. १ आणि २ मध्ये, मग १ आणि ३ मध्ये. मोकळ्या टोकाला दोन्ही आकडे ४८च्या जवळ आणि एकमेकांसारखेच यायला हवेत. एका बाजूला कमी आलं तर त्या तारेचा सोल्डर किंवा क्रिंप (प्लगमध्ये दाबून केलेली जोडणी) कच्चा आहे.

मोडलेली जोडी पकडायला कानच लागतो. पहिल्या चॅनलवर एक किलोहर्ट्झचा टोन लाइन लेव्हलने सोडा, बाकी तिघांच्या इनपुटला दीडशे ओहमचे रेझिस्टर २ आणि ३ मध्ये लावा, त्यांचा गेन चढवा आणि हेडफोनवर एकेक ऐका. मग टोन दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. जोड्या शाबूत असतील तर शेजारी जवळजवळ काही ऐकू येत नाही. कुठे टोन स्पष्ट ऐकू आला तर त्या दोन चॅनलचे प्लग कापून पुन्हा बांधा. हे सगळं दहा मिनिटांत होतं, आणि मी नवी केबल याशिवाय कामावर नेत नाही.

एईएस३साठी

इथे गोष्ट आणखी सोपी होते. एईएस३ला ११० ओहमची केबल लागते आणि मानक २० टक्के कमीजास्त चालवून घेतं. लॅनची जोडी १०० ओहमची, म्हणजे सहज आत. ४८ किलोहर्ट्झला या सिग्नलचा वेग सेकंदाला ३.०७२ मेगाबिट, जो शंभर मेगाहर्ट्झपर्यंत तपासलेल्या केबलपुढे किरकोळ आहे. उलट साध्या माईक केबलचा इम्पीडन्स कशालाच धरून नसतो आणि लांब अंतरावर डिजिटल सिग्नल तिच्यात परावर्तनांमुळे बिघडतो. वरचे बॉक्स तसेच वापरा. एकच पथ्य, ज्या केबलमध्ये एईएस३ आहे तिच्यात माईक नको.

नेटवर्कवर गेलात तर

डँटे, एईएस६७ यांसारख्या नेटवर्कवरून आवाज नेण्याच्या पद्धतींत केबल साध्या इथरनेटच्या नियमांनी चालते, म्हणजे एका टप्प्यात १०० मीटर. त्यातले ९० मीटर पक्क्या बसवलेल्या केबलचे आणि बाकीचे पॅच केबलचे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक चॅनल नुसत्या आवाजापुरता सेकंदाला १.१५२ मेगाबिट घेतो, त्यामुळे गिगाबिट दुव्यावर जागेची टंचाई नसते. अडचण येते ती वेळेच्या अचूकतेत. सगळी उपकरणं एकाच घड्याळावर चालायला हवीत. म्हणून स्विचमधलं वीज वाचवणारं ईईई हे वैशिष्ट्य बंद करा, ते पॅकेटना मधूनच थोपवतं. डँटेची लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) सुरुवातीला एक मिलिसेकंदच ठेवा आणि सगळं स्थिर चालल्यावर कमी करून बघा.

जोडीचा नियम इथेही सुटत नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर दुवा कधी कधी गुपचूप शंभरवर उतरतो, थोडे चॅनल नीट चालतात आणि जास्त चढवले की आवाज तुटू लागतो. पोर्टवर वेगाचा दिवा बघायची सवय लावून घ्या.

एईएस५० वेगळं आहे. टोक तेच, केबल तीच, पण तो थेट एका उपकरणातून दुसऱ्यात जायचा दुवा आहे आणि मधे नेटवर्क स्विच चालत नाही. दोन जोड्यांवर आवाज जातो, उरलेल्या दोन घड्याळाचा सिग्नल नेतात, आणि ४८ किलोहर्ट्झला दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनल मिळतात. याला शिल्डची केबल आणि दोन्ही टोकांना धातूचं आवरण असलेले लॉकिंग प्लग हवेतच. कुणी गालिच्यावरून चालत येऊन मिक्सरला हात लावला आणि स्थिर विजेची ठिणगी पडली, तर शिल्ड नसलेल्या केबलवर क्षणभर सगळा आवाज जातो.

एका केबलवर पूर्ण कार्यक्रम टाकायचा असेल तर दुसरी राखीव केबल पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. डँटेच्या बऱ्याच उपकरणांना प्रायमरी आणि सेकंडरी अशी दोन पोर्ट असतात. दोन्ही केबल एकाच नळीतून नेऊ नका. एक डाव्या भिंतीने न्या, दुसरी उजव्या, म्हणजे एकीवर खुर्चीचा पाय पडला तरी दुसरी शाबूत राहते.